‘लाइन’ या एका शब्दाच्या किती लाइनी?

खडू-फळा

शेजारची तिसरीतली मुलगी गेल्या आठवड्यात इंग्रजीचा गृहपाठ घेऊन आमच्या व्हरांड्यात आली. वहीत ‘मदर हंग द क्लोद्स ऑन द लाइन’ असे एक वाक्य होते आणि त्याखालच्या चौकटीत चित्र काढायचे होते. तिने सिमेंटचे दोन खांब काढले, त्यांच्या डोक्यावर आडवी पट्टी आणि चिनी मातीचे इन्सुलेटर बसवले, तीन तारा ओढल्या आणि त्या तारांवर आईची साडी, बाबांचा बनियन आणि स्वतःचा फ्रॉक वाळत घातला. एका खांबावर कवटी आणि दोन हाडे असलेली धोक्याची लाल पाटीसुद्धा होती. मी कपाळाला हात लावला, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, “आबाजी, लाइन म्हणजे तेच ना, पाणी आलं का जाते ते?”

तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला तिला चूक ठरवता येईना. नागपुरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर ‘लाइन’ हा शब्द सर्वांत आधी विजेच्या अर्थानेच पडतो, आणि तोही बहुधा ‘गेली’ या क्रियापदाबरोबर. त्या रात्री मी दिवसभरात हा शब्द किती अर्थांनी वापरला गेला याचा हिशेब मांडत बसलो. सकाळी लाइन नव्हती म्हणून टाकीत पाणी चढले नाही. बँकेत लाइन होती. मुलाचा फोन आला, त्याने लाइनवर राहायला सांगितले आणि लगेच लाइन कटली. भाचीने दहावीनंतर सायन्स लाइन घ्यावी की कॉमर्स लाइन, यावर बहिणीच्या घरी तासभर खल झाला. दुपारी सीताबर्डीला मेट्रोची ऑरेंज लाइन सोडून अॅक्वा लाइन धरली, सिव्हिल लाइन्समधले एक काम उरकले, आणि परतताना ऑटोवाल्याने “आपण या लाइनीत वीस वर्षांपासून आहो” असे अभिमानाने सांगितले. एका दिवसात सात अर्थ, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी मला किंवा समोरच्याला क्षणभरही थांबावे लागले नाही.

मूळ शोधू गेल्यास गंमत वाढते. इंग्रजी ‘लाइन’ लॅटिन ‘लिनिया’पासून आला, आणि ‘लिनिया’ म्हणजे ‘लिनम’ची दोरी. हे ‘लिनम’ म्हणजे आपले जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचे कापड ते लिनन, त्याच्या बियांचे तेल ते लिनसीड ऑइल, आणि त्या तेलापासून एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने तयार केलेले, जमिनीवर अंथरायचे ते लिनोलियम, ही सगळी त्याच घरातली मंडळी. जुन्या इंग्रजीत ‘लाइन’चा अर्थ दोरी असाच होता, रेषा, ओळ, रांग हे अर्थ पुढे आले आणि त्यांना फ्रेंच भाषेतून आलेल्या याच कुळातल्या शब्दाचे बळ मिळाले. आपल्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात, त्याच्या खोडाकडे कोणी वळूनही पाहत नाही. ‘एनएल 97’ हे जवसाचे वाण नागपूरचेच आहे, परंतु जवसाची चटणी भाकरीवर घेताना आपण ‘लाइन’ या शब्दाचे मूळ खात आहोत हे मला वयाच्या साठीपर्यंत ठाऊक नव्हते.

म्हणजे त्या मुलीच्या वहीतल्या वाक्यात ‘लाइन’चा जो अर्थ होता, कपडे वाळत घालायची दोरी, तो या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आहे, आणि मराठीने नेमका तोच घेतला नाही. बाकीचे सगळे घेतले.

सिव्हिल लाइन्सबद्दल थोडे लिहितो, कारण या नावातल्या ‘लाइन्स’ म्हणजे रुंद, सरळ रस्ते, अशी अनेकांची समजूत असते. छावणीत सैनिकांचे तंबू आणि पुढे बराकी रांगांनी उभारत, त्या रांगांना ‘लाइन्स’ म्हणत. लष्करी नव्हे अशा गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. कामठीची छावणी 1821 ची. तिसरे रघुजी भोसले 1853 मध्ये वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाले, आणि दिल्ली, कानपूर, अलाहाबाद या शहरांत जे नाव होते तेच इथेही आले. वर्धा आणि चंद्रपूर इथेही सिव्हिल लाइन्स आहेत. मुंबई इलाख्यातल्या पुण्यात मात्र ‘कॅम्प’ रुळला. आपल्या पोलीस लाइन टाकळीतली ‘लाइन’ही याच बराकींच्या रांगेतली, आणि “मी लाइनीत वाढलो” असे सांगणारा माणूस पोलिसाचा मुलगा आहे हे नागपुरात वेगळे सांगावे लागत नाही.

आपापल्या परिसरातले, आपापल्या कामातले ‘लाइन’चे उपयोग इथे लिहावेत अशी विनंती करतो. आणि दोरीचा अर्थ मराठीत का शिरला नाही, याचे उत्तर कोणाला सुचत असेल तर तेही अवश्य लिहावे.

मुळामुठा

लेख आवडला, सर. मात्र एक शंका नोंदवतो. आमच्याकडे पुण्यात ‘लाइट गेले’ असे म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरला सासरी आलो असताना, सासूबाई स्वयंपाकघरातून “लाइन गेली वाटते” म्हणाल्या आणि मी बाहेर जाऊन कोणती रांग पुढे सरकली ते पाहून आलो. विजेसाठी ‘लाइन’ हा वापर अर्थाच्या दृष्टीने सैल नाही का? तार तर जागच्या जागीच असते, जातो तो प्रवाह.

तारतंत्री

मुळामुठा साहेब, सैल असलाच तर ‘लाइट’ जास्त सैल आहे. लाइट म्हणजे दिवा. दुपारी बारा वाजता पंखा, फ्रीज आणि कूलर बंद पडतात, घरात एकही दिवा लागलेला नसतो, तरी आपण ‘लाइट गेले’ म्हणता. आणि नागपूरच्या मे महिन्यात माणसाला दिव्याची नव्हे, कूलरची पडलेली असते. आमच्याकडे घरापर्यंत येणारी लाइन गेली असे म्हणतात, आणि ते वस्तुस्थितीला धरून आहे, कारण बिघाड बहुतेक वेळा लाइनवरच झालेला असतो: झाडाची फांदी पडते, जम्पर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटतो, इन्सुलेटर फुटतो.

मी वीज खात्यात सव्वीस वर्षे काढली आहेत. आयटीआयमध्ये आमच्या विषयांची मराठी नावे वीजतंत्री आणि तारतंत्री अशी आहेत आणि ती प्रमाणपत्रावर छापलेलीही असतात, परंतु खांबावर चढल्यावर खालून कोणी ‘अहो तारतंत्री’ अशी हाक मारल्याचे मला आठवत नाही. तिथे माणूस लाइनमनच असतो. अकरा केव्हीची (म्हणजे अकरा हजार व्होल्टची) लाइन, तेहतीस केव्हीची लाइन, एलटी (कमी दाबाची) लाइन, एचटी (उच्च दाबाची) लाइन, ‘लाइनवर गेलेत’ म्हणजे कामावर बाहेर गेलेत, ‘लाइन चार्ज केली’ म्हणजे प्रवाह सोडला. घरातल्या उपकरणावर जिथे ‘एल’ आणि ‘एन’ लिहिलेले असते, तिथल्या ‘एल’लाही वायरमन ‘लाइन’ म्हणतात, तेव्हा हा अर्थ पार घरातल्या बोर्डापर्यंत पोचलेला आहे.

एक गोष्ट मात्र गमतीने सांगण्यासारखी नाही. लाइनवर हात लावण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यावे लागते. फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाइन) बंद करतात, आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) उघडतात, खांबावर चढलेला माणूस आधी डिस्चार्ज रॉडने तिन्ही फेज जमिनीशी जोडतो, आणि मगच पाना बाहेर काढतो. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे, दुसऱ्याने नाही. देशातल्या काही राज्यांत या परमिटाला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. आमच्या भाषेत ‘लाइन बंद आहे’ हे वाक्य कानाने ऐकून चालत नाही, कागदावर लागते. बंद आहे असे नुसते कोणी सांगितले म्हणून वर गेलेले दोन सहकारी मी गमावले आहेत. ‘लाइन गेली’ म्हणून आपण घरात चिडता, तेव्हा कुठे तरी एखाद्या माणसासाठी ती मुद्दाम घालवलेली असते.

लूपलाइन

तारतंत्री दादांनी ‘लाइन क्लिअर’चा उल्लेख केला म्हणून लिहायला बसलो. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो आणि माझ्या नोकरीचा अर्धा काळ हे दोन शब्द बोलण्यात गेला. गंमत अशी की आमचा ‘लाइन क्लिअर’ त्यांच्या ‘लाइन क्लिअर’च्या बरोबर उलटा आहे. त्यांच्याकडे लाइन क्लिअर म्हणजे आता या लाइनवर काहीही येणार नाही, माणसाने निर्धास्त चढावे. आमच्याकडे लाइन क्लिअर म्हणजे पुढच्या स्थानकापर्यंतचा टप्पा रिकामा आहे, गाडी सोडावी. म्हणजे आता या लाइनवर काही तरी येणार आहे, माणसाने उतरावे. शब्द तेच, खात्याची पाटी बदलली की जीव वाचवणारा आणि घेणारा अर्थ जागा बदलतात.

एकेरी लाइनवर आमच्याकडे नीलचे टोकन यंत्र असे. पुढच्या मास्तराने यंत्रावरून संमती दिली की आमच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायचा, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला फलाटाच्या टोकाला उभे राहून धावतीतच द्यायचा. ड्रायव्हर एका हाताने मागच्या टप्प्याचे कडे खाली टाकायचा आणि दुसऱ्या हातात, कोपराशी, नवे कडे झेलायचा. जोवर तो गोळा इंजिनात आहे तोवर त्या टप्प्यात दुसरी गाडी शिरू शकत नाही, कारण यंत्र दुसरा गोळा सोडतच नाही. यंत्र बिघडले तर छापील कागदावर लाइन क्लिअर तिकीट लिहून द्यायचे. नव्या सहायकांना मी सांगत असे की ड्रायव्हरच्या हातात गोळा नसून अख्खी लाइन देतो आहोत, असे समजून हात पुढे करा.

नागपूर हे हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन मोठ्या मार्गांचे जंक्शन असल्याने इथल्या बोलण्यात रेल्वेची लाइन खोलवर मुरली आहे. 1867 मध्ये मुंबईकडून लोहमार्ग इथवर आला, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे हा शब्द शहराच्या कानात आहे. छिंदवाड्याकडे जाणारी 762 मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज जुन्या लोकांसाठी कायम ‘छोटी लाइन’ होती. 2015 मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. मोतीबागेत तिची इंजिने संग्रहालयात उभी आहेत, आणि त्या भागातले लोक आजही ‘छोटी लाइनच्या पलीकडे’ असा पत्ता सांगतात. लाइन गेली, पण नाव राहिले, असे इथे दोन्ही अर्थांनी म्हणता येईल.

माझ्या टोपणनावाबद्दल विचारणा होण्याआधीच सांगून टाकतो. स्थानकात मुख्य लाइनच्या बाजूला जी लाइन सुटून पुढे परत मिळते, ती लूप लाइन. मालगाडी किंवा पॅसेंजर तिथे उभी करतात आणि एक्स्प्रेसला पुढे काढतात. सरकारी कचेऱ्यांनी हा शब्द आमच्याकडून उचलला आणि ज्याला बिनमहत्त्वाच्या टेबलावर बसवले त्याला ‘लूप लाइनला टाकले’ असे म्हणू लागले. रेल्वेतल्या माणसाला या वाक्प्रचाराचे थोडे हसू येते, कारण आमच्या लूप लाइनमधली गाडी एक्स्प्रेस गेल्यावर पुन्हा मुख्य लाइनवर येते. कचेरीतल्या लूप लाइनला पुढचे टोक बहुधा नसते. माझ्या लूप लाइनलाही नव्हते.

अॅक्वालाइनकर

‘सलाइन’ राहिले. आमच्या आजी ‘त्याला लाइन लावली’ असेच म्हणत, नळीतून थेंब थेंब येते म्हणून.

खडू-फळा

आजींची व्युत्पत्ती सुंदर आहे, पण ‘सलाइन’ हा घरात शिरलेला पाहुणा आहे. तो लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दापासून आलेला. सलाइन म्हणजे खारट द्रावण. नळी दोरीसारखी लोंबते म्हणून आजींना त्यात लाइन दिसली असेल, तर दोष त्यांचा नाही, नळीचा आहे. डॉक्टर मंडळीही शिरेत सुई बसवण्याला ‘लाइन घेतली’ असे म्हणतात, त्यामुळे आजींचे म्हणणे मागच्या दाराने बरोबरही ठरते.

लूपलाइन काका, ‘लाइन क्लिअर’वरचे आपले लिखाण मी दोनदा वाचले. त्यावरून ‘डेडलाइन’ आठवली. हल्ली आमचे नातू आणि त्यांच्या कंपन्या हा शब्द उठता-बसता वापरतात, परंतु त्याचा जन्म तुरुंगातला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची एक छावणी होती. तिच्या बाहेरच्या कुंपणाच्या आत काही अंतरावर साध्या लाकडी दांड्यांचे ठेंगणे कुंपण घातलेले होते. ते ओलांडणाऱ्याला, अगदी नुसता हात पलीकडे घालणाऱ्यालाही, पहारेकऱ्याने गोळी घालावी असा हुकूम होता. ती खरीखुरी मरणाची रेषा. त्या छावणीचा प्रमुख हेन्री विर्झ याला युद्धानंतर 1865 मध्ये फाशी झाली. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द वेळेच्या मुदतीसाठी रुळला तो विसाव्या शतकात. त्या जागेला मराठीत ‘मुदत’ हा चांगला शब्द आहे, पण मुदत वाढवून मागता येते असे मराठी माणसाला उपजतच ठाऊक असल्याने कंपन्यांनी तो घेतला नसावा.

दुसरी गोष्ट रांगेची. आपण इंग्रजी शिकलो ब्रिटिशांकडून, पण रांगेला ब्रिटिश ‘क्यू’ म्हणतात आणि ‘लाइन’ म्हणतात अमेरिकन. त्यातही न्यूयॉर्कचे लोक रांगेत उभे असण्याला ‘ऑन लाइन’ म्हणत आले आहेत. तेव्हा रेल्वेच्या तिकिटासाठी पहाटे चारला खिडकीपुढे उभे राहणारे आम्ही न्यूयॉर्कच्या इंग्रजीप्रमाणे ऑनलाइनच होतो, आणि आता तीच तिकिटे अंथरुणात पडून काढतो त्यालाही ऑनलाइन म्हणतो.

रेघोट्या

सर, मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे ‘लाइन’साठी रोज चार शब्दांतून निवड करावी लागते आणि त्या निवडीत एक पद्धत दिसते, ती मांडते. मराठीत रेषा, रेघ, ओळ आणि रांग असे चार शब्द आधीपासून असताना ‘लाइन’ने त्यांना हुसकावले, असे आपण म्हणतो खरे, पण ते पूर्ण खरे नाही. त्यांनी आपापसांत वाटण्या करून घेतल्या आहेत.

जिथे कायदा, राज्य किंवा भूमिती आहे तिथे ‘रेषा’ ठाम उभी आहे. ड्युरँड रेषा 1893 ची, मॅकमहोन रेषा 1914 ची, रॅडक्लिफ रेषा 1947 ची, आणि 1972 च्या सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा. यांपैकी एकीलाही मराठी वर्तमानपत्र ‘लाइन’ म्हणत नाही. दारिद्र्यरेषा तशीच. लक्ष्मणाने आखलेली तर रेषाच, तिथे ‘लक्ष्मणलाइन’ म्हणून पाहावे म्हणजे हसू आवरत नाही. ‘रेघ’ मात्र घरगुती राहिली: दुरेघी वही, पाटीवरची रेघ, सांडलेल्या पाण्याची रेघ. ‘ओळ’ कवितेने आणि पत्राने राखली. कवितेच्या दोन लाइनी म्हणणारा माणूस कविता ऐकवणार नाही, उरकणार आहे, हे ओळखावे. पराभव झाला तो ‘रांगे’चा. सीताबर्डीच्या टेकडी गणपतीला चतुर्थीच्या दिवशी गेलात तर ‘भाविकांनी रांगेत उभे राहावे’ असे भोंग्यावरून सांगतात आणि भाविक एकमेकांना “लाइन कुठून आहे जी?” असे विचारत असतात. लिहिलेली आणि भोंग्यातून बोललेली ती रांग, पायांनी उभी राहिलेली ती लाइन.

क्रिकेटमध्येही अशीच वाटणी आहे. जामठ्याच्या मैदानावरच्या सामन्याचे मराठी वार्तांकन करणारा ‘दिशा आणि टप्पा’ असे म्हणतो, आणि गल्लीत रबरी चेंडू टाकणारा मुलगा ‘लाइन-लेंथ’ सांभाळतो. मला ‘दिशा आणि टप्पा’ अधिक आवडते, कारण इंग्रजीतल्या या ‘लाइन’ला चेंडू यष्ट्यांच्या आत आहे की बाहेर एवढेच सांगायचे असते, आणि ते ‘दिशे’त नेमके येते.

‘लाइन मारणे’ या प्रयोगाकडे कोणी वळले नाही, हे वयोमानाचा मान राखण्यासाठी असावे. मी वळते. इंग्रजीत मुलीशी ओळख काढण्यासाठी टाकलेल्या ठरावीक वाक्याला ‘लाइन’ म्हणतात, म्हणजे तिथे निदान एक वाक्य तरी बोलावे लागते. मराठीत लाइन मारायला एक अक्षरही लागत नाही. सायकल घेऊन समोरच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी उभे राहिले की लाइन मारून होते. तिने वळून पाहिले तर तिने ‘लाइन दिली’. मला यात टेलिफोनच्या लाइनचा भास होतो, एकाने लावायची आणि दुसऱ्याने उचलायची, पण हा निव्वळ माझा अंदाज आहे.

मुळामुठा

तारतंत्री साहेब, परमिटाविषयी आपण लिहिलेले वाचून माझा ‘सैल’ हा शब्द मी मागे घेतो. इथून पुढे नागपुरात असेन तेव्हा ‘लाइन गेली’ म्हणेन. पुण्यात तसे म्हटले तर कोणी तरी बाहेर जाऊन रांग बघून येईल.

बेसा-रोड

खडू-फळा सर, दोरीचा अर्थ मराठीत का शिरला नाही, हा आपला मूळ प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवला. माझे उत्तर असे की ती जागा रिकामी नव्हती. तिथे ‘सूत’ बसलेले होते.

मी बांधकामाची छोटी कामे घेतो. परवा एका घराच्या दाराची चौकट बसवायची होती आणि जुन्या वळणाचे एक सुतार काका आले होते. त्यांनी पितळी डबीतल्या ओल्या गेरूतून सूत ओढून काढले, फळीच्या एका टोकाला माझ्या अंगठ्याखाली दाबायला दिले, दुसरे टोक स्वतःच्या अंगठ्याखाली ताणून धरले, मधोमध चिमटीने सरळ वर उचलले आणि सोडले. टण् असा बारीक आवाज झाला, आणि सूत बाजूला घेतले तेव्हा फळीवर इकडून तिकडे तांबडी, बारीक, अगदी सरळ रेघ उमटली होती. दोरीची रेषा कशी होते हे इतके स्पष्ट मी आधी कधी पाहिले नव्हते, खरे तर शेकडो वेळा पाहिले होते, पण आपला लेख वाचल्यावर पहिल्यांदा दिसले. त्या रोमन माणसाने जवसाचा धागा ताणला आणि त्याला रेषा मिळाली. आमच्या काकांनी कापसाचा ताणला.

आणि पाहा, शब्दांनीही तोच प्रवास केला. सरळ भिंतीला गवंडी ‘सुतात आहे’ म्हणतो, वाकडी असली तर ‘सुताच्या बाहेर गेली’ म्हणतो, सुधारलेल्या मुलाला आई ‘सुतासारखा सरळ झाला’ म्हणते. इंग्रजीत यांतल्या प्रत्येक जागी ‘लाइन’ चालेल. ‘सुतार’ हा शब्दच ‘सूत्रधार’ पासून आला आहे, म्हणजे दोरी धरणारा. नाटकाचा सूत्रधार त्याचाच भाऊबंद. विटांच्या थरासाठी दोन टोकांना बांधतात त्या दोरीला मात्र साइटवर सर्रास ‘लाइनदोरी’ म्हणतात, आणि लाइनचा मूळ अर्थ दोरी असेल तर आम्ही इतकी वर्षे ‘दोरीदोरी’ म्हणत आलो आहोत.

शिवाय सूत हे मापही आहे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. “दोन सूत घासा, मग बसेल” असे सुतार म्हणतो तेव्हा पाव इंच घासायचे असते. मेट्रिक टेप येऊन किती वर्षे झाली, तरी सूत गेलेले नाही.

खडू-फळा

बेसा-रोड, आपण माझा प्रश्न सोडवलात, आणि मला आणखी एक जोड सापडली. इंग्रजीत ‘लाइन’ हेही एक माप होते: इंचाचा बारावा भाग. फ्रेंच घड्याळजी तर यंत्राचा व्यास अजूनही ‘लीन्य’मध्ये सांगतात आणि त्यांची लीन्य सव्वादोन मिलिमीटरहून किंचित मोठी असते. दोन्हीकडे दोरीची रेषा झाली आणि दोन्हीकडे रेषेचे माप झाले. आपल्याकडे इंचात आठ सूत बसले, त्यांच्याकडे बारा लाइनी. त्या मुलीला काल दोरीवर कपडे वाळत घातलेले दुसरे चित्र काढायला सांगितले. तिने दोरी काढली, पण दोन्ही टोके पुन्हा खांबांनाच बांधली. कवटीची पाटी तेवढी पुसली आहे.

काजबटण

इतवारीत माझे शिवणकामाचे दुकान आहे. मी इथे फक्त वाचत असतो, पण मापाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, कोटाच्या आतल्या अस्तराला आम्ही ‘लायनिंग’ म्हणतो. सरांच्या लेखानंतर मुलाने शोधून दाखवले की ते ‘लाइन’ हे क्रियापदही त्याच जवसाचे आहे, कारण पूर्वी लोकरीच्या जाड कपड्याला आतून लिननचे अस्तर लावत. आता अस्तर पॉलिस्टरचे असते, लिननचा अंगरखा बाहेरून घालायची फॅशन आहे, आणि लिनन महाग म्हणून गिऱ्हाईक त्याला आतून सुती अस्तर लावून मागते. म्हणजे लिननला लायनिंग.

दुसरी गोष्ट, लाइनचे माप गेलेले नाही. बटणे अजून लाइनवरच मिळतात. शर्टाला अठरा लाइनचे, कोटाच्या बाहीला चोवीस लाइनचे, समोर बत्तीस लाइनचे. आमची लाइन सरांच्या लाइनपेक्षा बारीक आहे, इंचाचा चाळिसावा भाग. गेल्या महिन्यात एक सुतार गिऱ्हाईक मुलाच्या लग्नाचा कोट शिवायला आले होते. बाहीचे बटण केवढे लावू, असे मी विचारले आणि चोवीस लाइन म्हणालो, तर त्यांना काही उमगेना. मी बटण हातावर ठेवले. त्यांनी ते अंगठा आणि तर्जनीत धरले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, “पाच सूत. नाही, पाचाला जरा कमी.”

ते गेल्यावर मी हिशेब केला. चोवीस लाइनीचे चार पूर्णांक आठ दशांश सूत होतात.